थ्रेड : ‘२.३०’ ही संख्या नव्हे, जोडी आहे

एक शेत २.३०, दुसरे १.२०. बेरीज किती? संगणक म्हणेल ३.५०. यवतमाळकडचा जुना पटवारी म्हणेल ४ एकर १० गुंठे. पटवाऱ्याचे बरोबर आहे.

कारण येथील टिंब दशांशचिन्ह नव्हेच. त्याच्या डावीकडे एकर, उजवीकडे गुंठे. आणि एकराचे गुंठे ४०.

ही रीत आली कोठून? १८५३ साली निजामाने वऱ्हाड प्रांत कंपनीच्या हवाली केला. पुढे तेथे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी मोजणी झाली. आजचा यवतमाळ जिल्हा याच वऱ्हाडातला; १८६४ मध्ये तो निराळा झाला आणि १९०५ पर्यंत ‘वणी’ या नावाने ओळखला जाई. मुंबईच्या मोजणीतील साखळी ३३ फुटांची. तिचा चौरस म्हणजे गुंठा, असे ४० म्हणजे एकर. गुंठ्याचे पुन्हा १६ आणे! दशमानाचा येथे मागमूस नाही.

आता संगणकाकडे वळू. १९७० मध्ये एडगर कॉड यांनी रिलेशनल डेटाबेसची मांडणी केली, तेव्हा तक्त्याच्या प्रत्येक रकान्यात एकच, अविभाज्य मूल्य असावे ही अपेक्षा होती. हिशेबाला ती सोयीची. पण ‘२ एकर ३० गुंठे’ हे एकच क्षेत्र असूनही त्याचे अवयव दोन. १९८६ च्या सुमारास बर्कले विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांच्या पोस्टग्रेस प्रकल्पाने नेमकी हीच अडचण हाती घेतली : वापरणाऱ्याला स्वतःचा डेटा टाइप घडवता यावा.

आजच्या पोस्टग्रेसमध्ये ‘क्षेत्र’ नावाचा संयुक्त टाइप घडवता येतो. त्याचे घटक दोन, एकर आणि गुंठे. दोघांनाही स्वतःचे नाव. पण एवढ्याने भागत नाही, आणि नवशिके नेमके येथेच फसतात. गुंठे ० ते ३९ यांच्या बाहेर जाऊ नयेत, ही अट गुंठ्याच्या टाइपवर निराळी घालावी लागते. ४० झाले की एक एकर हातचा, हा बेरजेचा नियमही स्वतंत्र फंक्शन लिहून शिकवावा लागतो. पटवाऱ्याला जे तोंडपाठ होते, ते यंत्राला शब्दशः सांगावे लागते.

मेट्रिक पद्धतीने हा पेच बराच सैल केला. हेक्टराचे आर १००, त्यामुळे १.६२ हे जोडी म्हणून वाचा वा दशांश म्हणून, उत्तर तेच. बांधावरची बोली मात्र अजून एकराचीच. आणि जुन्या नोंदींचे रूपांतर करावे लागतेच. २ एकर ३० गुंठे म्हणजे सुमारे १ हेक्टर ११ आर. तोच आकडा कोणी २.३० एकर असा दशांशात वाचला, तर नव्या कागदावर जेमतेम ९३ आर उतरतात. उरलेले १८ आर कोणी विकले नाहीत, कोणी बळकावलेही नाहीत.