लॅप स्टील गिटार : निनावी वाद्याची ओळख

मांडीवर आडवी ठेवून, डाव्या हातातली पोलादी कांब तारांवरून सरकवत वाजवायची गिटार. आपल्याकडे ती ‘हवाईयन गिटार’ म्हणून माहीत आहे. या वादनपद्धतीचे श्रेय सामान्यतः हवाईच्या ओआहू बेटावरील जोसेफ केकुकू (जन्म १८७४) यांना दिले जाते. सॅन फ्रान्सिस्कोच्या १९१५ च्या जागतिक प्रदर्शनानंतर अमेरिकेत तिचे वेड पसरले. १९३२ मध्ये पुढे रिकेनबॅकर नावाने ओळखल्या गेलेल्या कंपनीने अ‍ॅल्युमिनियमची ओतीव ‘फ्राइंग पॅन’ बाजारात आणली आणि विजेवरच्या गिटारचा धंदा खऱ्या अर्थाने सुरू झाला.

जुन्या बाजारात नाव-गाव नसलेली लॅप स्टील वारंवार सापडते. ती बनावट असेल असा संशय लगेच घेऊ नये. एकाच कारखान्यातले वाद्य वेगवेगळ्या नावांनी विकण्याची तेव्हा सर्रास रीत होती. शिकागोची व्हॅल्को कंपनी (१९४२ ते १९६८) सुप्रो आणि नॅशनल ही स्वतःची नावे वापरी. शिवाय माँटगोमेरी वॉर्ड या विक्री-कंपनीसाठी एअरलाइन नावाने आणि क्लीव्हलंडच्या ओआहू या प्रकाशन-शिकवणी संस्थेसाठीही वाद्ये करी. नाव बहुधा एखाद्या पट्टीवर किंवा चिकटचित्रावर असे, आणि ते वाद्याच्या आधी झिजून जाई. म्हणून गिटारच्या डोक्यावरचा, म्हणजे खुंट्यांच्या टोकाचा, रंग तिरप्या उजेडात पाहावा. पट्टी जिथे होती तिथला रंग ऊन न लागल्याने वेगळा दिसतो. डोक्याच्या मागे दोन बारीक खिळ्यांची भोके असतील, तर तिथे अनुक्रमांकाचा पत्रा असावा. व्हॅल्कोच्या वाद्यांवर असा पत्रा ठोकलेला असे.

त्याआधी वाद्य मुळात लॅप स्टीलच आहे ना, हे ठरवावे. इथे तारा फळीपासून बऱ्याच उंच असतात आणि पडदे उठावाचे नसून नुसत्या रेघा असतात, कारण तार फळीवर दाबायचीच नसते. विद्युत वाद्यांत मान बहुधा चौकोनी, भरीव असते. साध्या गिटारच्या माथ्याकडच्या नटवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, धातूची उंच पट्टी बसवून तिची हवाईयन गिटार करण्याचीही पद्धत आहे. तिथे पडदे खरे असतात आणि मान गोलसर. लॉस एंजेलिसच्या हर्मन वाइसेनबोर्न यांची पोकळ मानेची, कोआ लाकडाची ध्वनिक वाद्ये हा याहून निराळा वर्ग आहे.

पिकअप, म्हणजे तारांचे कंपन विजेच्या संकेतात बदलणारे साधन, हा सर्वात बोलका भाग. तारांवरून कमानीसारखे दोन नालाकृती चुंबक गेलेले असतील, तर रिकेनबॅकरचा विचार करावा. दुसऱ्या महायुद्धापूर्वीचे चुंबक दीड इंच रुंद, नंतरचे सव्वा इंच. तारा धातूच्या आवरणाखालून, पिकअपच्या आतून जात असतील, तर व्हॅल्कोची शक्यता मोठी. अंगभर मोत्यासारखी झाक असलेले सेल्युलॉइड चढवलेले असेल, तर व्हॅल्कोबरोबर लॉस एंजेलिसच्या मॅग्नाटोनकडेही पाहावे. पण ही झाक अनेकांनी वापरली आहे; केवळ तिच्यावरून निर्माता ठरवणे ही या क्षेत्रातली सर्वात सामान्य चूक आहे.

वयासाठी आतले पॉट, म्हणजे आवाज कमीजास्त करणारे गोल नियंत्रक, उघडून पाहावे. अमेरिकी पॉटवर आकड्यांचा ठसा असतो. पहिले तीन आकडे बनवणाऱ्याचे: १३७ म्हणजे सीटीएस, ३०४ म्हणजे स्टॅकपोल. पुढचे एक किंवा दोन आकडे वर्षाचे, शेवटचे दोन आठवड्याचे. ‘३०४६२४’ म्हणजे स्टॅकपोलचा, १९४६ किंवा १९५६ च्या चोविसाव्या आठवड्यातला पॉट. एकाच आकड्याने दशक कळत नाही, म्हणून बाकीची साक्ष जोडावी लागते. फुलीची खाच असलेले फिलिप्स स्क्रू १९३० च्या दशकाच्या मध्यानंतर प्रचारात आले. ते मूळचे असतील, तर वाद्य त्याआधीचे नाही. महायुद्धात अमेरिकेत वाद्यनिर्मिती जवळजवळ थांबली होती, त्यामुळे १९४३-४४ ही तारीख आली तर ती पुन्हा तपासावी. ठसा पॉटची तारीख सांगतो, गिटारची नव्हे. जुना साठा वर्षानुवर्षे वापरला जाई. जोडणीचा डाग पुन्हा लावलेला असेल, तर पॉट नंतर बदललेला असण्याची शक्यता गृहीत धरावी.

भारतात या वाद्याने वेगळे घर केले. हवाईयन वादक टाऊ मो १९४० च्या दशकात कलकत्त्यात राहिले. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत वॅन शिप्ले यांनी विद्युत गिटार गाजवली. ब्रिजभूषण काब्रा यांनी हवाईयन गिटारवर हिंदुस्थानी राग मांडले. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत त्यांचीच गिटार आहे. त्यामुळे इथल्या घरात सापडलेली निनावी गिटार आयात मालही असू शकते किंवा इथल्या कारागिराचे कामही. देशी कामात परदेशी पिकअप आणि इथल्याच खुंट्या एकत्र दिसू शकतात.

ओळख पटेपर्यंत पॉलिश करू नये, जुन्या खुंट्या टाकू नयेत, भोके बुजवू नयेत. नोंद करताना निश्चित तेवढेच लिहावे: ‘व्हॅल्को, पॉट १९४६ किंवा १९५६, नाव गेलेले’. असे लिहिलेले पान वाद्याच्या पेटीतच ठेवावे.