अर्जातली चौकट आणि अर्जावरचं नाव

अमेरिकेत नोकरीच्या अर्जावर एक छोटी चौकट असायची. तुम्हाला कधी गुन्ह्यासाठी शिक्षा झाली आहे का? झाली असेल तर खूण करा. खूण केली की अर्ज बहुतेकदा बाजूला पडायचा. गुन्हा कोणता, किती वर्षांपूर्वीचा, याची चौकशी करायला कोण बसतंय!

हवाई राज्यानं १९९८ मध्ये यावर पहिला कायदा केला. मालकानं आधी नोकरी देऊ करायची, मगच जुनं रेकॉर्ड विचारायचं. आणि त्या गुन्ह्याचा कामाशी संबंध असेल तरच देऊ केलेली नोकरी मागे घ्यायची. पुढे २००४ मध्ये कॅलिफोर्नियात तुरुंगातून सुटून आलेल्या लोकांनीच ‘बॅन द बॉक्स’ ही मोहीम उभी केली. मॅसॅच्युसेट्सनं २०१० मध्ये असा कायदा केला, कॅलिफोर्नियात खासगी नोकऱ्यांना तो २०१८ पासून लागू झाला. आज तीसहून अधिक राज्यांत असे नियम आहेत, पण बऱ्याच ठिकाणी ते फक्त सरकारी नोकऱ्यांपुरतेच.

डेव्हा पेजर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी मिलवॉकी शहरात केलेला प्रयोग इथे सांगायलाच हवा. सारख्याच पात्रतेचे गोरे आणि काळे तरुण त्यांनी नोकऱ्या मागायला पाठवले. काहींनी आपण तुरुंगात जाऊन आल्याचं सांगायचं, काहींनी नाही. २००३ मध्ये निष्कर्ष छापून आले. तुरुंगात जाऊन आलेल्या गोऱ्याला १७ टक्के ठिकाणांहून बोलावणं आलं. कसलाही डाग नसलेल्या काळ्याला १४ टक्के. म्हणजे गुन्हेगारीचा शिक्का कातडीवरच होता, कागद नंतरचा.

मग चौकट गेल्यावर काय झालं? अमांडा एगन आणि सोंजा स्टार यांनी न्यू जर्सी आणि न्यूयॉर्कमध्ये सुमारे १५,००० बनावट अर्ज पाठवून पाहिलं. चौकट असताना गोऱ्या उमेदवारांना काळ्यांपेक्षा ७ टक्के जास्त बोलावणी येत होती. त्याच कंपन्यांनी चौकट काढल्यावर हा फरक ४३ टक्क्यांवर गेला. मालकाला रेकॉर्ड दिसेना, तेव्हा तो नावावरून अंदाज बांधू लागला. म्हणून कायदा वाईट होता असं मी म्हणणार नाही. शिक्षा भोगून आलेल्याला दार उघडायलाच हवं. पण निष्पाप काळ्या तरुणाच्या हातातला ‘माझ्यावर डाग नाही’ हा एकमेव पुरावा त्यात हिरावला गेला, हेही खरं.

नावाचा हा खेळ आपल्याला नवा नाही. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ मध्ये भारतातल्या खासगी नोकऱ्यांबद्दल असाच अभ्यास प्रसिद्ध केला. पात्रता सारखीच, नावं तेवढी वेगळी. बोलावणं येण्याची उच्चवर्णीय हिंदू नावाची संधी १ धरली, तर दलित नावाची ०.६७ आणि मुस्लिम नावाची ०.३३ भरली. त्या अर्जांत गुन्ह्याची चौकट नव्हतीच.

अमेरिकेत वंशावरून नोकरी नाकारणं १९६४ पासून बेकायदा आहे, खासगी कंपनीतसुद्धा. तरी हे आकडे. आपल्याकडे खासगी मालकानं धर्मावरून अर्ज बाजूला टाकला, तर त्याला थेट जाब विचारणारा सर्वसाधारण कायदाच नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात सांगितलं, की उमेदवारानं जुना खटला लपवला म्हणून डोळे मिटून त्याला काढू नका, गुन्ह्याचं स्वरूप पाहून ठरवा. पण हा दिलासा निवड झालेल्याला. ज्याचा अर्ज नाव वाचूनच बाजूला पडला, त्याला तर आपण का वगळले गेलो हेही कळत नाही.