युक्रोमॅटिनची कुळी निवडुंगावर

गुणसूत्रांचा जो भाग सैल असतो, जिथली जनुकं कामाला लागलेली असतात, तो युक्रोमॅटिन. त्याची कुळी शोधत मागे गेलं की वाट मेक्सिकोतल्या निवडुंगावर पोचते, असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात सर्वांना ठाऊक आहे. जर्मन शास्त्रज्ञ वाल्थर फ्लेमिंगने पेशीच्या केंद्रकातल्या रंग धरणाऱ्या द्रव्याला क्रोमॅटिन म्हटलं, वाल्डायरने 1888 साली क्रोमोसोम हे नाव दिलं. मग 1928 साल. हॅम्बुर्गचा वनस्पतिशास्त्रज्ञ एमिल हाइट्स पेलिया या लिव्हरवर्टच्या, म्हणजे शेवाळवर्गीय छोट्या वनस्पतीच्या पेशी पाहत होता. विभाजन संपलं की गुणसूत्रं फिकट होत दिसेनाशी होतात. इथे मात्र काही तुकडे गडदच राहिले. त्या हट्टी तुकड्यांना त्याने हेटरोक्रोमॅटिन म्हटलं, रीतीप्रमाणे फिकटणाऱ्या भागाला युक्रोमॅटिन.

कुणी म्हणेल, यात नवं काय? कीटकांच्या लिंगगुणसूत्रांचा असा वेगळा गडदपणा आधीच नोंदला गेला होता, गूटहेर्त्सने 1907 मध्ये त्याला नावही दिलं होतं. खरं आहे. पण ती गोष्ट अख्ख्या गुणसूत्राची होती. एकाच गुणसूत्राचा एक तुकडा गडद आणि शेजारचा फिकट, हे हाइट्सने दाखवलं. पेलियात गुणसूत्रं नऊच, त्यामुळे ती पाहणं सोपं, म्हणून श्रेय पेलियाला द्यावं असंही म्हणता येईल. मी अर्धंच देईन.

उरलेलं अर्धं कारमाइन या लाल रंगाचं. त्या काळी ऊतक मेणात बसवून पातळ काप घेत. कापात फिकट भाग दिसला, तर तो मुळातच फिकट की पात्याने अर्धा उडवला, हे सांगणं कठीण. हाइट्स पेशी कारमाइन मिसळलेल्या ॲसेटिक आम्लात उकळून काचपट्टीवर दाबायचा. केंद्रक अख्खं हाती लागायचं. बी.एस्सी.ला कांद्याच्या मुळाचं टोक ॲसिटोकारमाइनमध्ये गरम करून, टिपकागदाखाली अंगठ्याने दाबलेलं ज्यांना आठवतं, त्यांनी याच घराण्याची रीत गिरवली आहे.

आणि कारमाइन येतो कोचिनील किड्यापासून. मेक्सिकोत निवडुंगावर पोसलेल्या माद्या वाळवून. (1795 साली हाच समजून ब्राझीलहून कलकत्त्याला आणलेला किडा भलत्याच जातीचा निघाला. रंग हलका, वर एका जातीच्या निवडुंगाचा त्याने फडशा पाडला.)

पुढचं थोडक्यात. 1964 साली ऑलफ्री आणि सहकाऱ्यांनी गुणसूत्रांतल्या हिस्टोन प्रथिनांवरच्या ॲसिटिल गटांचा संबंध जनुकांच्या कामाशी जोडला. आम्लही ॲसेटिक, गटही ॲसिटिल; हा निव्वळ योगायोग, तरी मला सांगितल्यावाचून राहवत नाही.

जनुकांचं काम युक्रोमॅटिनमध्ये चालतं, हे हाइट्सने डीएनएची रचना कळण्याच्या कितीतरी आधी मांडलं होतं. 1937 साली ज्यू वंशाच्या कारणावरून त्याला हॅम्बुर्गमधून काढण्यात आलं. तो बाझेलला गेला. आपल्या पाठ्यपुस्तकांत युक्रोमॅटिनची व्याख्या असते, हाइट्सचं नाव क्वचितच. पुढच्या आवृत्तीत तेवढी एक ओळ घालाच.