अर्धी गरारी

नागपुरात ‘मॉरिस’ म्हटलं की लोकांना कॉलेज आठवतं. 1885 साली निघालेलं, मध्य प्रांताचे चीफ कमिशनर सर जॉन मॉरिस यांच्या नावाचं. कॉलेजचं नाव बदलून जमाना झाला, पण ऑटोवाला अजून ‘मॉरिस कॉलेज टी पॉइंट’च म्हणतो. माझ्या लहानपणी मात्र मॉरिस म्हणजे एक मोटार होती. मोमिनपुऱ्यात माझ्या मामूंचं पत्र्याच्या छपराचं गॅरेज होतं. तिथे दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर एक गोलमटोल, राखाडी मॉरिस मायनर यायची, धंतोलीतल्या एका डॉक्टरांची. ती विल्यम मॉरिस नावाच्या इंग्रज कारखानदाराच्या कंपनीची. दोन्ही मॉरिसांचा एकमेकांशी काही संबंध नाही हे मला बी.ए.ला गेल्यावर कळलं. तोवर मी त्यांना भाऊच समजत होतो.

त्या गाडीच्या वायपरबद्दल आज मला बोलायचं आहे. विषय ऐकून हसू नका. जुलैतल्या रात्री, सीताबर्डीच्या गर्दीत, पाऊस उभा कोसळत असताना वायपर बंद पडलेली गाडी ज्यांनी चालवली असेल, ते हसणार नाहीत.

मोटारीला आधी काच आली आणि मग काचेवरचं पाणी पुसायचं कसं हा प्रश्न आला. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या बर्मिंगहॅमच्या मेरी अँडरसन नावाच्या बाई हिवाळ्यात न्यूयॉर्कला गेल्या होत्या. ट्रामचा ड्रायव्हर हिमवर्षावात समोरची काच उघडून, तोंडावर गारठा घेत गाडी हाकतो आहे हे त्यांनी पाहिलं. घरी परतून त्यांनी आतून हातानं फिरवायची, रबरी पट्टीची दांडी कल्पिली. तिचं पेटंट त्यांना 10 नोव्हेंबर 1903 रोजी मिळालं. कंपन्यांना ते विकत घ्यावंसं वाटलं नाही. 1920 मध्ये मुदत संपली आणि त्यानंतर गाडीगाडीवर वायपर दिसू लागले. बाईंना त्यातून एक पैसा मिळाला नाही.

पुढे हाताच्या जागी इंजिनाचा जोर आला. इंजिन हवा ओढतं, त्या ओढीवर वायपर चालवायची युक्ती निघाली. तिची गंमत अशी, की चढावर ऍक्सिलरेटर दाबला की ओढ कमी होई आणि वायपर मंदावत, कधी थांबतच. म्हणजे ट्रकला ओलांडताना समोरचं दिसेनासं व्हायचं! मग विजेची मोटर आली. ब्रिटिश गाड्यांत ती बहुधा लुकास कंपनीची असे. ही कंपनीही बर्मिंगहॅमचीच, पण इंग्लंडातल्या.

या लुकासच्या रचनेपाशी जरा थांबतो, कारण सगळी गोष्ट तिच्यात आहे. मोटर गोल फिरते. वायपरला मात्र इकडून तिकडे, तिकडून इकडे जायचं असतं. म्हणून मोटरच्या चाकावर एक खुंटी, खुंटीला दांडी आणि दांडीला एक लवचिक केबल. या केबलवर स्क्रूच्या आट्यांसारखी तार गुंडाळलेली असते. एका नळीतून ही केबल पुढेमागे सरकते. काचेखाली प्रत्येक वायपरच्या बुडाशी एक छोटी डबी असते, तिला व्हील बॉक्स म्हणतात. तिच्यात एक दातेरी चाक. मिस्त्री लोक त्याला गरारी म्हणतात. केबलच्या आट्या गरारीच्या दात्यांत अडकतात, केबल सरकली की गरारी वळते, गरारीबरोबर वायपर.

आता बघा, वायपर काही पुरता गोल फिरत नाही. म्हणून गरारीही पुरती फिरत नाही, साधारण एकतृतीयांश वळते आणि परत येते. वर्षानुवर्षं तेच मोजके दाते झिजतात. बाकीच्यांना कामच नसतं. दाते झिजले की प्ले येतो: दांडी हातानं हलवली तर खडखडते, वायपर काचेच्या कडेवर आपटतो, मधेच अडखळतो. त्यात नळीतलं जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट झालेलं. मोटर कण्हते, तापते, आणि सगळे म्हणतात, मोटर गेली.

1981 च्या जुलैत डॉक्टरांची गाडी अशीच आली. आदल्या रात्री ते व्हिजिटहून परतताना खिडकीतून डोकं बाहेर काढून घरी पोचले होते. मी बारा वर्षांचा, सुट्टीच्या दिवशी पाने हातात द्यायला गॅरेजमध्ये जायचो. मामूंनी मोटरला हातही लावला नाही. केबल बाहेर ओढली, रॉकेलनं धुतली, व्हील बॉक्स उघडले आणि गरारी माझ्या तळहातावर ठेवली. एका बाजूचे दाते सुरीसारखे पातळ, दुसऱ्या बाजूचे कोरे करकरीत. मामू म्हणाले, ‘‘देख, आधी गरारी तो अभी सोयी पडी है.’’ झिजलेल्या बाजूला त्यांनी पंचनं एक ठिपका मारला, गरारी अर्धा फेरा फिरवून बसवली, केबललाही तसाच पीळ देऊन तिची न झिजलेली बाजू दात्यांसमोर आणली, नवं ग्रीस भरलं. संध्याकाळी पाऊस आला तेव्हा गाडी धंतोलीला पोचलेली होती. मजुरी किती घेतली ते आठवत नाही. नवा भाग एकही लागला नाही.

नवा भाग मागायचा तरी कुठून? ही गाडी इंग्लंडात 1948 साली बाजारात आली. आपल्याकडे हिंदुस्थान मोटर्सनं ती ‘बेबी हिंदुस्थान’ नावानं काढली. डॉक्टरांची तीच होती, मधोमध पट्टी असलेली, दोन तुकड्यांच्या काचेची. पुढे कंपनीचं सगळं लक्ष आधी लँडमास्टरवर आणि मग अँबेसेडरवर गेलं. 1953 मध्ये सरकारनं ठरवलं, की ज्यांना सुटे भाग परदेशातून आणून नुसत्या जोडायच्या नाहीत, इथेच गाड्या बनवायच्या आहेत, त्यांनीच राहावं. फोर्ड आणि जनरल मोटर्स निघून गेल्या. हिंदुस्थान, मुंबईची प्रीमियर आणि मद्रासची स्टँडर्ड, एवढ्या तिघींच्याच गाड्या उरल्या. नव्या मोटारीसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षं वाट पाहत. साहजिकच असलेली गाडी मरू द्यायची नाही, हा सगळ्या गावाचा धर्म झाला. त्या टंचाईचे गोडवे मी गाणार नाही. तिच्यापायी लोकांनी फार सोसलं. पण गरारीची झोपलेली बाजू ओळखणारे डोळे तिनंच तयार केले, हेही खरं. मामू चौथीपर्यंत शिकले होते. लुकासचं मॅन्युअल त्यांना वाचता आलं नसतं. त्यांनी ते गरारीवरच वाचलं.

डिसेंबर 1983 मध्ये पहिली मारुती 800 रस्त्यावर आली. हळूहळू अख्खा जोड काढून अख्खा जोड बसवण्याची रीत आली. त्यात वेळ वाचतो, हेही मान्य. मामूंच्या मुलांनी दुसरे धंदे धरले. 1996 साली मामू गेले, त्या जागेवर आता मोबाइलचं दुकान आहे.

2023 च्या सप्टेंबरात अंबाझरी तलाव एका रात्रीत ओसंडला आणि नाग नदीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा ही गाडी, अनेक वर्षं उभीच असलेली, चाकांपर्यंत पाण्यात गेली. डॉक्टर केव्हाच वारले होते. त्यांच्या मुलीला घरच्यांनी सांगितलं, भंगारात द्या. त्यांचं मन होईना. ‘‘तुमच्या मामूंची गाडी आहे, एकदा बघून जा,’’ असा त्यांचा मला फोन आला. मी कविता लिहिणारा माणूस, मी काय बघणार! तरी गेलो.

इंजिन, ब्रेक, वायरिंग असं करत करत एका तरुण मेकॅनिकनं गाडी सुरू केली. वायपर मात्र हलेनात. तो म्हणाला, मोटर गेली. मी जरा तोऱ्यातच म्हटलं, मोटर ठीक असेल, व्हील बॉक्स उघड, गरारी अर्धी फिरव. त्यानं उघडली. एका बाजूला मामूंचा ठिपका होता, तिथले दाते झिजलेले. अर्धा फेरा पलीकडे पाहिलं तर तिथलेही तसेच, सुरीसारखे. मामूंनी जागी केलेली अर्धी गरारी डॉक्टरांनी पुढच्या पावसाळ्यांत वापरून संपवली होती. मला बोलायला काही सुचेना. पोरगा माझ्याकडे पाहत राहिला.

मायनर इंग्लंडात सोळा लाखांच्या आसपास बनल्या आणि जपणारे लोक तिथे आजही खूप आहेत. त्यामुळे तिचे भाग नव्यानं बनतात. डॉक्टरांच्या मुलीनं दोन व्हील बॉक्स मागवले. पार्सल यायला महिना गेला. मोटर, मामूंनी म्हटलं असतं तशी, ठणठणीत निघाली. जुनी गरारी मी मागून घेतली, कागद उडू नयेत म्हणून टेबलावर ठेवली आहे.

नवी बसवायच्या दिवशी मी पुन्हा हजर होतो. पोरानं जुन्या गरारीवरचा ठिपका नखानं चाचपला आणि विचारलं, ‘‘चाचा, ये निशान कायको?’’ मी सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, डब्यातून पंच काढला, नव्या गरारीची जी बाजू आता कामाला लागणार होती तिच्यावर टेकवला आणि हातोडीचा एक हलका ठोका दिला.