बाहुली, नट आणि अवतार

वाशीच्या नाट्यगृहाला विष्णुदास भावे यांचे नाव आहे, ते १८४३ साली सांगलीत झालेल्या 'सीतास्वयंवरा'मुळे. भावे लाकडी बाहुल्याही घडवीत, ही गोष्ट नाट्येतिहासात तळटीपेपुरतीच उरते. त्या बाहुल्यांची डागडुजी करून रामदास पाध्ये यांनी त्या पुन्हा खेळविल्या. आभासी वास्तवातील 'अवतार' जितका हुबेहूब तितका तो खरा वाटतो, असे आज सर्रास गृहीत धरले जाते. आम्हांला हे गृहीतक भाव्यांपासून तपासावेसे वाटते.

भाव्यांच्या खेळात सूत्रधार रंगमंचावर उभा राहून पदे गाई, पुरुष सीता होई, राक्षस आरडाओरडा करीत येत. यात हुबेहूबपणा तो कोठला? तरीही प्रेक्षकांना सीता ही सीताच होती.

नवी मुंबई वसविणारी सिडको १९७० साली स्थापन झाली. त्याच वर्षी जपानमध्ये यंत्रमानवशास्त्रज्ञ मासाहिरो मोरी यांनी एक छोटा निबंध लिहिला. कृत्रिम आकृती माणसासारखी होत जाते तसा तिच्याविषयीचा जिव्हाळा वाढतो. पण साम्य जवळजवळ पूर्ण झाले, की मन एकाएकी शहारून मागे सरते, असे त्यांचे म्हणणे. गंमत अशी, की जिव्हाळ्याच्या चढावर, निरोगी माणसाच्या खालोखाल, त्यांनी बुनराकूची बाहुली ठेवली. तिला नाचविणारे तिघे तर प्रेक्षकांना ढळढळीत दिसत असतात!

बालगंधर्वांचे उदाहरण आम्हांला याहून बोलके वाटते. नट पुरुष आहे हे नाट्यगृहात प्रत्येकाला ठाऊक असे, आणि तरीही त्यांच्या लुगड्याची, दागिन्यांची, केशभूषेची नक्कल घरोघरच्या स्त्रिया करीत. रंगभूमीवरचे अंतर, दिवे, गाणे आणि चाल यांचा तेथे मेळ जमलेला होता. १९३७ च्या 'साध्वी मीराबाई'त त्यांनी मीरा साकारली, तेव्हा त्यांची पन्नाशी जवळ आली होती. कॅमेऱ्याने ते अंतरच पुसून टाकले; गाणे तेच राहिले, पण मेळ विसकटला.

२००३ साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील मैया गराऊ व सहकाऱ्यांनी आभासी जगात माणसांना अवतारांमार्फत एकमेकांशी बोलायला लावले. काही अवतार ढोबळ होते, काही अधिक माणसासारखे. काहींची नजर संवादाला धरून फिरे, काहींची वाटेल तशी. अधिक माणसासारख्या अवतारांना संवादाला धरून फिरणारी नजर मानवली. ढोबळ अवतारांना मात्र तिचा लाभ झाला नाही, काही बाबतींत तर तोटाच झाला. भाव्यांच्या राक्षसाने ओरडणे सोडून मंद स्मित केले असते, तर सांगलीकरांनाही तो बहुधा असाच खटकला असता.