शमादानावरचा शिक्का

चांदीचे जुने शमादान, म्हणजे फांद्या असलेली मेणबत्त्यांची दिवी, दाखवून ‘हे भोसल्यांचे’ असे कोणी म्हणाले की मी आधी ते उलटे करून बघतो.

आजचा वर्धा जिल्हा 1862 पर्यंत नागपूर जिल्ह्याचाच भाग होता. त्याआधी हा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा. त्यामुळे अशी आठवण आपल्याकडे उगाच नाही. तिसरे रघूजी डिसेंबर 1853 मध्ये निपुत्रिक वारले आणि डलहौसीने राज्य खालसा केले. सीताबर्डीवर राजघराण्याचे हत्ती, घोडे, बैल कवडीमोलाने विकले गेले. सामान हलवाल तर वाडा पेटवून देईन, असे वृद्ध बांकाबाईंनी बजावल्याचे के हा इंग्रज इतिहासकार लिहितो. सामान हललेच. जवाहीर कलकत्त्याच्या बाजारात गेले आणि तिथे विक्रीचे काम हॅमिल्टन आणि कंपनीकडे आले.

हे हॅमिल्टन निव्वळ लिलाववाले नव्हते. रॉबर्ट हॅमिल्टनने 1808 च्या सुमारास कलकत्त्यात थाटलेली ती नामांकित सराफी पेढी. साहेबांना आणि संस्थानिकांना चांदीची भांडी पुरवणारी. हिंदुस्थानात तेव्हा चांदीचा कस तपासून छाप देणारे सरकारी कार्यालय नव्हते. पेढ्या आपापले शिक्के मारत. हॅमिल्टनच्या शिक्क्यात नावाच्या आद्याक्षरांबरोबर पुष्कळदा एक छोटा हत्ती असतो.

शमादान सुट्या भागांचे असते: बैठक, खांब, फांद्या, मेणबत्तीच्या वाट्या. म्हणून शिक्का प्रत्येक भागावर शोधावा. एखाद्या भागावर तो वेगळा निघाला, तर जोडणी नंतरची. पण सगळे जुळले तरी शिक्का कारखाना सांगतो, मालक नाही.

मालक सांगतो तो कागद. 1835 नंतर कंपनीचा रुपया बरोबर एक तोळा, 180 ग्रेन वजनाचा होता; चांदीची वस्तू वजनावर रुपयांत मोजून वितळवणे सोपे झाले. म्हणून जामदारखान्याच्या यादीतले वजन आणि हातातल्या वस्तूचे वजन जुळणे हा मोठा पुरावा. तोही एकटा पुरत नाही. वस्तू बक्षीस मिळाली, विकत घेतली की लिलावात उचलली, हेही कळायला हवे. कारण राण्यांच्या दृष्टीने ही घरची मालमत्ता होती, कंपनीच्या दृष्टीने राज्याची. ‘भोसल्यांचे’ या एका शब्दात तो वाद मिटत नाही.

म्हणून घरोघरी माझी विनंती एकच असते: चांदी घासून लखलखीत करू नका, शिक्के पुसट होतात, आणि पेटीतले मोडी कागद रद्दीत घालू नका.