डोलकाठीच्या टोकावरचा खटका

१९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी स्वीडनच्या रिकार्ड सार्बी यांनी १९४९ मध्ये ‘फिन’ ही एकट्याने हाकायची शिडाची होडी आखली. गृहस्थ व्यवसायाने केशकर्तनकार! हेलसिंकीला याच होडीत त्यांनी कांस्यपदकही मिळवले. डेन्मार्कच्या पॉल एल्वस्ट्रॉम यांनी तर फिनमध्ये १९५२, १९५६ आणि १९६० अशी लागोपाठ तीन सुवर्णपदके जिंकली.

या होडीची डोलकाठी तणाव्यांविना उभी असते आणि वाऱ्यात धनुष्यासारखी वाकते. शीड चढवायचा दोर, म्हणजे हॅलयार्ड, खाली बांधला तर तो ताणून लांबतो आणि शीड घसरते. शिवाय शिडाची ओढ अधिक दोराची ओढ, असा काठीवर दुप्पट दाब पडतो. म्हणून शीड वरच अडकवणारा खटका आला. भार खटका पेलतो, दोर सैल राहतो.

पण दोर सोडला की शीड उतरते, ही दर्यावर्द्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची खात्री या सोयीने काढून घेतली, हे मला विसरवत नाही. भर वाऱ्यात खटका सुटलाच नाही, तर होडी आडवी पाडून काठीच्या टोकाशी पोहत जावे लागते. त्यामुळे निवडताना मी वजनाआधी खटका सहज सुटतो का, हे पाहीन. किनाऱ्यावर शीड चार वेळा चढवून-उतरवून बघावे. नंतर गोड्या पाण्याने धुवावे. ग्रीस नको, त्याला वाळू चिकटते. दोराचा फास कुरतडला असेल, तर तो लगेच बदलावा. पाण्यात गेल्यावर तो खालून दिसत नाही.